आज्जीच्या मांडीवरचा रोबोट: सीमाभागात डिमेन्शियावर संशोधन करायचं तर

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या आत्यानं पन्नासेक वर्षं मागासाठी कांड्या भरल्या. डिमेन्शिया वाढला तशी माणसांची नावं गेली, जेवलो की नाही तेही आठवेना. बोटं मात्र रिकाम्या हवेत सूत गुंडाळत राहायची. एका दिवाळीला मी तिच्यासाठी बॅटरीवर म्यांव करणारं खेळण्यातलं मांजर नेलं. तिनं ते मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, "दूध घातलीस काय ह्याला?" म्हणून मलाच दटावलं. बोटांचं सूत गुंडाळणं थांबलं. मी भारावून जाऊन घरभर सांगत सुटले, की बघा, खेळण्यानं जादू केली.

वहिनी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मांजरानं काय केलं ते मला माहीत नाही. तू दोन तास तिच्याजवळ बसलीस. वर्षभरात असं कोण बसलं नव्हतं."

वहिनीनं डिमेन्शिया आणि रोबोट या विषयावरचा एकही शोधनिबंध वाचलेला नाही. पण या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न तिनं एका वाक्यात मांडला: फरक पडला तो यंत्रामुळे, की यंत्र घेऊन आलेल्या माणसामुळे? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नर्सिंग, समाजकार्य, फिजिओथेरपी किंवा इंजिनिअरिंग शिकणारी मुलं "डिमेन्शियासाठी रोबोट" असा प्रकल्प घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना आधी वहिनीचं वाक्य सांगते. खालचं सगळं त्या वाक्याच्या आधारानंच लिहिलं आहे.

आधी प्रश्न, यंत्र नंतर

बहुतेक प्रकल्प उलटे सुरू होतात. कुणाकडे एक रोबोट असतो, किंवा बनवायची हौस असते, मग त्याच्यासाठी म्हातारी माणसं शोधली जातात. तुम्ही एखाद्या घरी किंवा वृद्धाश्रमात आठवडाभर नुसते जाऊन बसा. तिथला त्रास कुठला आहे? संध्याकाळी दिवेलागणीला सुरू होणारी घालमेल, "मला घरी सोडा" म्हणून दाराकडे धाव? दिवसभर भिंतीकडे बघत बसणं? अंघोळीला नेताना ओरडणं? की त्रास आज्जीला नसून रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला आहे? हे चार वेगळे प्रश्न आहेत. चारांना चार मापं लागतात आणि चारही ठिकाणी रोबोटचं काम वेगळं.

मग प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात पाच गोष्टी आल्याच पाहिजेत: कोण, कशाशी तुलना, काय मोजणार, किती दिवस, कुठं. उदाहरणार्थ: "मध्यम टप्प्यातला डिमेन्शिया असलेल्या आणि घरी राहणाऱ्या व्यक्तींमध्ये, आठवड्यातून तीनदा संध्याकाळी पंधरा मिनिटं हलणारं-बोलणारं खेळणं दिलं, तर तेच खेळणं बंद ठेवून दिल्यापेक्षा घालमेल कमी होते का, सहा आठवड्यांत?" यातला "तेच खेळणं बंद ठेवून" हा तुकडा गाळलात तर प्रकल्प वहिनीपुढे टिकणार नाही.

इथल्या संख्येबद्दल प्रस्तावनेत लिहायचं असेल तर देशपातळीचा एक भरवशाचा आकडा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या पाहणीनुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. आपल्याकडच्या खेड्यातली न शिकलेली म्हातारी बाई या दोन्ही गटांत बसते, आणि रोबोटवरच्या अभ्यासांत नेमकी तीच कुठं दिसत नाही.

बाहेर काय झालंय

वाचनाची सुरुवात पारोपासून करा. जपानच्या एआयएसटी या संस्थेत ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून घडवलेला हा सील माशाच्या पिलासारखा दिसणारा रोबोट आहे (सील मासा नव्हे, सस्तन प्राणी, पण आपल्याकडे तसंच म्हणतात). वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे नवजात बाळाएवढं. स्पर्श, उजेड, आवाज, तापमान आणि आपल्याला कसं धरलंय हे त्याला कळतं. मान वळवतो, डोळे मिटतो, पिलासारखा आवाज काढतो. चार्जर बाळाच्या चोखणीच्या आकाराचा आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियंत्रकानं, त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. किंमत सुमारे ६००० डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या वर, आयातीचा खर्च वेगळा.

सीलच का? शिबातांनी आधी कुत्रा-मांजराचे नमुने करून पाहिले. लोक खऱ्या जनावराशी तुलना करून निराश व्हायचे. सील कुणी पाळलेला नसतो, त्यामुळे तुलनाच होत नाही. हा तर्क मला फार आवडतो, पण खानापूरच्या जंगलकाठच्या आज्जीला तो लागू पडेल का, हा खुला प्रश्न आहे. न पाहिलेलं पांढरं जनावर मांडीवर ठेवलं तर ती कुतूहलानं बघेल की दचकेल? आणि जन्मभर ज्या वासराच्या गळ्याखाली खाजवलं त्याच्यासारखं काही दिलं तर? हा एवढाच प्रश्न घेऊनही एम.एस्सी.चा चांगला प्रबंध होऊ शकतो.

दुसरा वाचायचाच अभ्यास म्हणजे ऑस्ट्रेलियात वेंडी मॉयल आणि सहकाऱ्यांनी केलेली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. क्वीन्सलँडमधली २८ निवासी केंद्रं, ४१५ माणसं, तीन गट. एका गटाला पारो, दुसऱ्याला तोच पारो पण बंद करून, तिसऱ्याला नेहमीची सेवा. पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. व्हिडिओ तपासले तर पारोच्या गटातली माणसं बंद खेळण्याच्या गटापेक्षा जास्त बोलत होती, जास्त बघत होती. नेहमीच्या सेवेच्या तुलनेत आनंद जास्त दिसला आणि घालमेल कमी. पण तीच घालमेल सीएमएआय या प्रश्नावलीनं मोजली तेव्हा तिन्ही गटांत फरक निघाला नाही. त्याच चाचणीचा पुढे खर्चाचा हिशेब झाला, तेव्हा पैशाच्या मानानं बंद खेळणं किंचित उजवं ठरलं. हा निकाल दोनदा वाचा. माप बदललं की उत्तर बदलतं, आणि "रोबोट उपयोगी आहे" व "रोबोट खेळण्यापेक्षा उपयोगी आहे" ही दोन निरनिराळी विधानं आहेत.

आपल्या दृष्टीनं आणखी एक प्रकल्प पाहण्यासारखा: २०१७ ते २०२० दरम्यान युरोप आणि जपाननं मिळून केलेला केअरेसेस. पेपर नावाच्या बोलक्या रोबोटला संस्कृतीची जाण शिकवायची, अशी कल्पना. त्यात इंग्रज, जपानी आणि भारतीय असे तीन सांस्कृतिक गट धरले होते. "भारतीय" हा एकच गट! टिळकवाडीतला निवृत्त प्राध्यापक, निपाणीची विडी वळणारी बाई आणि भालकीचा शेतकरी एका खणात कसे बसवायचे, याचं उत्तर तुम्हालाच शोधायचं आहे.

विरोधी बाजूही वाचा. रॉबर्ट आणि लिंडा स्पॅरो यांनी २००६ मध्ये मांडलेला आक्षेप असा, की यंत्राला जीव आहे असं वाटून म्हातारं माणूस सुखावत असेल तर ती फसवणूकच आहे. हा आक्षेप निकालात निघालेला नाही.

यंत्र कुठून आणायचं

पारो विकत घेणं बहुतेकांना शक्य नाही आणि पहिल्या प्रकल्पाला गरजही नाही. बाजारात २०१५ पासून बॅटरीवरची सोबती मांजरं-कुत्री मिळतात. अमेरिकेत शंभर-सव्वाशे डॉलरना मिळणारी जॉय फॉर ऑल ही त्यातली परिचित. हात फिरवला की घुरघुरतात, कुशीवर वळतात, बस्स. सुरुवातीला तेवढं पुरे.

स्वतः बनवणार असाल तर बोलणारा माणूस बनवू नका. व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या, कॉलेजांतून दरवर्षी पडद्यावर चेहरा असलेले, चाकांवर फिरणारे "केअर रोबोट" तयार होतात आणि प्रदर्शनानंतर लॅबच्या कपाटावर जाऊन बसतात. त्यापेक्षा गोधडीच्या कापडाचं, मांडीत मावणारं, आत एक छोटी सर्व्हो मोटर श्वासासारखी वरखाली होईल असं वासरू शिवा. जुन्या लुगड्याचा स्पर्श हातांना ओळखीचा असतो. मात्र तीन गोष्टींत तडजोड नको. आत गरम करणारी कॉइल ठेवू नका. म्हाताऱ्या कातडीला चटका उशिरा कळतो. बटण सेल अजिबात वापरू नका, आणि बॅटरीचा कप्पा स्क्रूनं बंद होणारा हवा. डोळे, मणी, घुंगरू असं तोंडात जाण्यासारखं काही लावू नका, भरतकामाचे डोळे चालतात.

बोलणारं यंत्र का नको? भाषेमुळे. उच्चार ओळखणाऱ्या प्रणाली मराठीला आहेत, कन्नडला आहेत. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प आणि आयआयटी मद्रासमधला एआयफॉरभारत हा गट यांचं काम तुम्हाला मोफत वापरता येईल. पण दात नसलेल्या तोंडातून आलेलं "काय करूलालास गा?" आणि त्याच वाक्यात मिसळलेला कन्नड शब्द ओळखताना त्या अडखळतात. एकदा-दोनदा भलतंच उत्तर आलं की आज्जीचा गोंधळ वाढतो, आणि आपण तो कमी करायला गेलो होतो. बोलकं यंत्र तपासायचंच असेल तर आधी पडद्यामागून माणसानं बोलून पाहा. संशोधनात याला विझर्ड ऑफ ऑझ पद्धत म्हणतात. मात्र ती परवानगीच्या अर्जात उघड लिहावी लागते आणि घरच्यांना सांगावी लागते.

आणखी एक प्रश्न पहिल्याच भेटीत येतो, विशेषतः जैन आणि लिंगायत घरांत: "हे खऱ्या जनावराचं कातडं हाय काय?" उत्तर तयार ठेवा, कापडाचा नमुना हातात द्या. कुत्र्याचा आकार काही घरांत चालत नाही, देवघराजवळ कुठलंच जनावर चालत नाही. आधी विचारलं तर कुणी रागावत नाही.

परवानगी: इथं घाई केलीत तर सगळं फुकट

प्रकल्पाचा निम्मा वेळ इथं जातो, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

पहिली पायरी नैतिकता समितीची. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हा पाया. इंजिनिअरिंग कॉलेजात बहुधा अशी समिती नसते. मग बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातला किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतला एखादा प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून घ्या आणि तिथल्या समितीकडे अर्ज करा. समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, ते विचारून घ्या. "आमचं तर नुसतं खेळणं आहे, औषध थोडंच आहे" असं म्हणून समिती टाळू नका. पुढे निबंध छापायला दिलात की संपादक पहिल्यांदा समितीचा क्रमांक मागतात.

दुसरी पायरी कायद्याची, आणि ती बऱ्याच मार्गदर्शकांनाही माहीत नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर बिघाडही येतात. त्यातलं कलम ९९ संशोधनाबद्दल आहे. व्यक्ती स्वतः समजून-उमजून संमती देऊ शकत नसेल, पण भाग घ्यायला विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. प्राधिकरण नामनिर्देशित प्रतिनिधीच्या संमतीवर परवानगी देऊ शकतं, पण काही अटींवर: हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्या लोकांवर करणं शक्य नाही हे दाखवावं लागतं, त्यातून या आजाराच्या लोकांचीच गरज भागणार आहे हे पटवावं लागतं, आणि तुमचे हितसंबंध उघड करावे लागतात. स्टार्टअप काढायचा विचार असेल तर तेही लिहा. विद्यार्थ्यांच्या छोट्या प्रकल्पाला माझा सल्ला सरळ आहे: स्वतः संमती देऊ शकतील अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या व्यक्ती निवडा. मध्यम-तीव्र टप्प्यावर काम करायचं तर बेंगळुरूपर्यंतचा कागद आणि किमान सहा महिने धरून चला.

तिसरं, सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. फुकट असते, पण पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद घेत नाहीत.

संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत लागेल. भाषांतर एकानं करायचं, उलट भाषांतर दुसऱ्यानं, आणि ज्याला मूळ मजकूर माहीत नाही अशानं. मराठीतही पुणेरी नको. "सदर अभ्यासात सहभागी होणे ऐच्छिक आहे" हे वाक्य कडोलीच्या शेतकऱ्याला वाचून दाखवून बघा. "नको वाटलं तर नको म्हणा, कुणी रागवणार नाही, दवाखान्यात औषध आहे तसंच मिळत राहील" असं लिहिलं तर समिती हरकत घेत नाही, मी घेतलेली पाहिलेली नाही.

आणि सही झाली म्हणजे संपलं नाही. लेकानं सही केली, आज्जी तोंड फिरवते आहे. त्या दिवशी सत्र नाही. कागदावरची संमती घरच्यांची असते. आज्जीची राजी दर वेळी नव्यानं विचारायची, शब्दांत नाही तर हातांकडे बघून.

व्हिडिओ काढणार असाल तर व्यक्तिगत माहितीचा २०२३ चा कायदा लक्षात ठेवा. फाइल लॅपटॉपवर कुलूपबंद, नावाऐवजी क्रमांक. आणि व्हॉट्सअॅपवर एकही तुकडा नाही, "किती गोड हसली बघा" म्हणून मार्गदर्शकांनाही नाही.

मापं, आणि "आपण कुठल्या राज्यात आहोत?"

डिमेन्शियाचा टप्पा ठरवायला एमएमएसई ही १९७५ ची चाचणी सगळीकडे वापरली जाते. ती आपल्याकडे दोन जागी फसते.

एक, शिक्षण. वाक्य लिहा, शब्दाची अक्षरं उलट म्हणा, असले प्रश्न शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला विचारून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगढ भागासाठी तयार झालेल्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत, एचएमएसईत, वाक्य लिहिण्याऐवजी "तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा" असं विचारतात. त्यामागचा विचार घ्या. आयसीएमआरचा स्वतःचा चाचणीसंच कन्नडमध्ये तयार आहे. मराठी घरासाठी तुम्ही कुठली प्रमाणित आवृत्ती वापरता ते आधी ठरवा आणि परवानगी घेऊन वापरा, घरी बसून भाषांतर करू नका.

दुसरी जागा फक्त आपल्याच भागाची. एमएमएसईत "आपण आत्ता कुठल्या राज्यात आहोत?" असा प्रश्न असतो. येळ्ळूरच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांना तो विचारा. ते जन्मले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, शाळेत असताना मुंबई राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात, १९७३ पासून त्याचंच नाव कर्नाटक, आणि गावाचं सरकारी नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं. आजोबा ठणकावून "महाराष्ट्र" म्हणाले तर हा स्मृतिभ्रंश, की सत्तर वर्षांचा हट्ट? "मुंबई राज्य" म्हणाले तर भान हरपलंय, की लहानपणातून बोलताहेत? गुण कापायचा की नाही हे सत्र सुरू होण्याआधी लिखित ठरवून ठेवा, सगळ्या निरीक्षकांना एकच नियम द्या, आणि निबंधात तो नियम सांगा. तारखेचंही तसंच. अनेकांना इंग्रजी तारीख कधीच माहीत नव्हती. एकादशी कधी झाली आणि गावचा बाजार कुठल्या वारी, हे मात्र पक्कं असतं.

प्रत्येक सहभागीच्या नोंदीत "माहेरची भाषा" हा रकाना ठेवा. गोकाककडची कन्नड मुलगी साठ वर्षांपूर्वी मराठी घरात आली, मराठी बोलली, नातवंडं मराठीत वाढवली. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते. आज ती कन्नडमध्ये बोलते आणि सुनेला कळत नाही, घरचे म्हणतात बडबडते. तुमच्या निरीक्षकानं तिला "असंबद्ध बोलणं" म्हणून नोंदवलं तर चूक तिची नाही. निरीक्षकांत निदान एक जण दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलणारा हवाच.

घालमेल मोजायला सीएमएआयचे २९ प्रश्न आहेत, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, काळजी घेणाऱ्याला विचारायचे. उदासीला कॉर्नेल प्रमाणपट्टी, १९ मुद्दे. काळजीवाहकाच्या ताणाला झॅरिटचे २२ प्रश्न. झॅरिट सासूच्या खोलीत बसून सुनेला विचारू नका. "ओझं वाटतं का?" याला ती "छे, आपलंच माणूस" म्हणणार, आणि तुमचा आकडा कायम शून्याजवळ राहणार. गच्चीवर, कपडे वाळत घालताना, बाईनं बाईला विचारायचं. मग ऐकायला वेळ काढायचा, कारण बावीस प्रश्नांना दीड तास लागतो.

शब्दांचंही भान ठेवा. मराठीत "साठी बुद्धी नाठी", कन्नडमध्ये "अरवत्तक्के अरळु मरळु". दोन्ही भाषा एकच सांगतात, की वय झालं म्हणजे डोकं जाणारच. त्यामुळे "घरी कुणाला डिमेन्शिया आहे का?" या प्रश्नाला उत्तर "नाही" येतं. "घराची वाट चुकतात का? तेच तेच विचारतात का? रात्री उठून कामाला निघतात का?" असं विचारा.

किती माणसं लागतील

इथं मुलांचा हिरमोड होतो. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक पकडायचा तर नेहमीच्या गणितानं प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. एकाच वृद्धाश्रमातली माणसं थोडीफार सारखी वागतात, म्हणून संख्या वाढवावी लागते: एका आश्रमात १० जण आणि त्यांच्यातलं हे साम्य (० ते १ या मापात) ०.०५ धरलं तर १ + (१० − १) × ०.०५ = १.४५ पट. म्हणजे गटात ९३ माणसं, दहा आश्रम. दोन गटांचे वीस. डिमेन्शियाची माणसं सांभाळणारे वीस आश्रम गोळा करायला तुम्हाला बेळगावपासून बिदरपर्यंत हिंडावं लागेल.

आपल्याकडे म्हातारी माणसं घरी असतात, तेव्हा रचनाही घराला शोभेल अशी घ्या. आठ-दहा घरं, आणि प्रत्येक व्यक्ती स्वतःचीच तुलना. दोन आठवडे काहीच न देता नुसती नोंद, मग दोन आठवडे बंद खेळणं, दोन आठवडे चालू. निम्म्या घरांत क्रम उलटा. आणि वहिनीसाठी एक चौथा टप्पा: खेळणं नाही, फक्त तुम्ही, तेवढाच वेळ, शेजारी. हा टप्पा मी अजून कुणा विद्यार्थ्याच्या आराखड्यात आपणहून आलेला पाहिला नाही. यातून "रोबोट प्रभावी आहे" असं सिद्ध होणार नाही. हे करणं जमतं का, लोक टिकतात का, कुठं अडतं, एवढं नक्की कळेल, आणि पहिल्या अभ्यासानं तेवढंच करायचं असतं.

पंधरा मिनिटं

वेळ ठरलेली ठेवा. संध्याकाळच्या घालमेलीवर काम असेल तर ती सुरू होण्याच्या अर्धा तास आधी जा. पावसाळ्यात खानापूर भागात वीज जाते आणि कापड दमट राहतं, म्हणून शक्यतो आषाढ-श्रावणात सुरुवात नको. बॅटरी भरलेलीच न्या. सत्राच्या मध्ये खेळणं थंड पडलं तर "पिल्लू मेलं" म्हणून रडू येऊ शकतं. हे किरकोळ वाटतं, पण त्या दिवसाची सगळी नोंद त्यानं वाया जाते.

खेळणं थेट मांडीवर ठेवू नका. आधी आपण हातात घेऊन शेजारी बसा, नजर जाऊ द्या, हात पुढे आला तरच द्या. तुम्ही काय बोलायचं ते आधी लिहून ठेवा आणि बंद-चालू दोन्ही टप्प्यांत तेवढंच बोला. नाहीतर चालू खेळण्याच्या दिवशी तुम्हीच उत्साहानं जास्त बोलता, आणि पुन्हा वहिनीचाच प्रश्न.

"ह्यो जित्ता हाय व्हय?" असं कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. "नाही आज्जी, यंत्र आहे, आत बॅटरी आहे." बऱ्याचदा त्या "असूं दे" म्हणून कुरवाळत राहतात. विचारलं नाही तर आपणहून दुरुस्त करत बसायचंही कारण नाही. स्पॅरोंचा आक्षेप यानं पुरता मिटत नाही, पण कामापुरती रेघ आखता येते.

नोंद दर अर्ध्या मिनिटाला: डोळे कुठं, हात कुठं, बोलणं आहे का आणि कुठल्या भाषेत, चेहरा कसा. पंधरा मिनिटांत ३० नोंदी होतात. दोन निरीक्षकांनी एकमेकांना न विचारता तोच व्हिडिओ तपासायचा आणि कप्पा, म्हणजे योगायोगानं जुळलेलं वगळून उरणाऱ्या सहमतीचा आकडा, काढायचा. नुसती "९० टक्के जुळलं" ही बढाई नको. बहुतेक वेळ आज्जी शांतच असेल तर दोघांनी डोळे मिटून "शांत" लिहिलं तरी तेवढं जुळतं.

थांबायचं कधी तेही आधी लिहा. भीती, रडू, तीनदा दूर सारणं, दुसऱ्याशी ओढाओढी. कुणी खेळण्याला आमटी-भात भरवला तर हसून घ्या, पण पुढच्या माणसाकडे ते तसंच नेऊ नका. प्रत्येक व्यक्तीला वेगळं कव्हर, प्रत्येक सत्रानंतर पुसणं, अंगावर जखम, खरूज किंवा पोट बिघडलेलं असेल त्या दिवशी सुट्टी.

आकडे मांडताना

सरासरीच्या आधी प्रत्येक व्यक्तीचा वेगळा आलेख काढा. दहा जणांत तिघांना खूप फरक आणि दोघांना त्रास, हे सरासरीत दिसत नाही. नकार देणारी घरं, मध्येच सोडून गेलेली माणसं, खेळणं फेकून दिलेली आज्जी, सगळं छापा. पहिल्या आठवड्याचं कुतूहल वेगळं दाखवा. तिसऱ्या आठवड्यात उरलं तेच खरं.

परत न्यायचं कसं

आराखड्यात हा भाग कुणी लिहीत नाही. इतके आठवडे ज्याला आज्जी "बाळ" म्हणत होती ते एका शुक्रवारी उचलून न्यायचं? शेवटच्या दोन आठवड्यांत भेटी हळूहळू विरळ करा, आणि जाताना निदान बंद खेळणं, तेच कापड, तोच वास, तिथंच ठेवून या. दहा घरांना दहा खेळणी हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, शेवटी पैसे उरत नाहीत. निकाल कळला की घराघरांत जाऊन सांगायचा, ज्या घराची जी भाषा त्या भाषेत, आणि सून घरी असेल त्या वेळी.